तीन सॉफ्टवेअर आणि चिन्नोरचं पोतं

मी आयुष्यभर अशी वस्तू विकली, जी गिऱ्हाइकाला हातात घेऊन दाबून बघता येत नव्हती. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या बाजारात हा मोठाच गुन्हा. इथे माणूस वांगंसुद्धा दाबून बघितल्याशिवाय घेत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरचा रंगीत डबा मी टेबलावर ठेवला की समोरचा शेठ आधी तो कानापाशी नेऊन हलवायचा. आत दोन-चार फ्लॉप्या आणि एक पुस्तक. खडखड ऐकून विचारायचा, बस, इतकंच? मी म्हणायची, हौ, इतकंच. मग तो डब्याकडे, माझ्याकडे आणि बाहेर उभ्या असलेल्या माझ्या मोपेडकडे बघायचा आणि हळूच विचारायचा, घरी कोणी माणूस नाही का?

माणूस होता. शाळेत मास्तर होता आणि संध्याकाळी माझ्या दुकानात बसून पेपर तपासायचा. माझे वडील वनखात्यात होते, त्यामुळे माझं लहानपण जंगलाच्या कडेकडेने गेलं. नागपूरला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि लग्न होऊन पुन्हा बालाघाटातच आले. बसस्टँडच्या मागे एक खोली घेतली, पाटी लावली आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसले. पहिले काही महिने लोक फक्त थंड हवा खायला यायचे, कारण कॉम्प्युटरसाठी मी कूलर लावला होता.

माझं काम काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही, तेव्हा आधी ते सांगून टाकते. छोटा कारखानदार असो की दुकानदार, त्याला मालाबद्दल तीनच गोष्टी हव्या असतात. काय आहे, कुठे आहे आणि कोणाच्या ताब्यात आहे. हे सांगणारी सॉफ्टवेअर तेव्हा बाजारात येऊ लागली होती आणि प्रत्येक जण आपलंच सगळ्यात चांगलं म्हणायचा. कोणतं कोणाला बसेल ते ताडून बघायचं, जोडी जमवायची, बसवून द्यायचं आणि नंतर कुरकुर ऐकायची, हे माझं काम. थोडक्यात, लग्न जुळवणाऱ्या मावशीचा धंदा. मुलगा चांगला निघाला तर त्याचं नशीब, वाईट निघाला तर मावशीचा दोष.

गिऱ्हाइकं एकापेक्षा एक. हट्टा गावच्या एका किराणावाल्याने सगळा माल आधी विकला आणि आलेला माल भरायचा राहून गेला. पडद्यावर साबण शून्याच्याही खाली गेले. तो घाबरून बसने बालाघाटला आला, सोबत पिशवीत साबण घेऊन. कॉम्प्युटरचं जे देणं निघतं ते घ्या म्हणाला, भानगड नको. भरवेलीच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं. तिथल्या खाणीवरच्या कामगारांच्या गाड्या तिथेच दुरुस्त व्हायच्या. त्या दुकानदाराने मोठ्या हौसेने सॉफ्टवेअर घेतलं, पण कोणता नट कोणत्या डब्यात आहे हे काही केल्या भरू देईना. मी वैतागले. तेव्हा तो खाजगीत म्हणाला, "ताई, सगळ्यायले सगळं सापडाले लागलं तर मले कोण विचारीन?"

तेव्हा मी खूप हसले होते. पुढे मिलमध्ये तेच वाक्य वेगळ्या तोंडून ऐकलं, तेव्हा हसू आलं नाही.

ही मिल खैरलांजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. तांदळाची. दोन भावांनी मिळून उभी केलेली. थोरल्या भावाला सगळे दादा म्हणायचे. दादा त्याच्या दोनेक वर्षं आधी अचानक गेले होते. धाकटे मधुभाऊ मशीन आणि विक्री बघत. दादांच्या मागे गोदाम सांभाळायला त्यांची बायको उभी राहिली. तिचं नाव शकुंतलाबाई, पण हमालांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणायचे. शेतकऱ्याचं धान उतरवून घ्यायचं, जातवार थप्प्या लावायच्या आणि मशीनला लागेल तसं काढून द्यायचं, हे वहिनींचं राज्य. कमरेला चाव्यांचा जुडगा. चालल्या की आधी चाव्या ऐकू यायच्या, मग वहिनी दिसायच्या.

मधुभाऊ माझ्या दुकानात आले तेव्हा कूलरसमोर बसलेसुद्धा नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "ताई, मले असं सॉफ्टवेअर द्या जे चोर पकडते."

मी म्हटलं, आमच्याकडची सॉफ्टवेअर माल पकडतात, चोर नाही. ते म्हणाले, एकच झालं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चिन्नोर म्हणून आमच्याकडे बारीक, सुवासिक तांदूळ पिकतो. शेजारच्या घरी शिजला तर आपल्या घरातल्यांना भूक लागते, असा त्याचा वास. दादांच्या काळी मिलमध्ये चिन्नोर सीझनला एकदाच निघायचा आणि एकगठ्ठा विकला जायचा. मधुभाऊंनी डोकं चालवून त्याच्या छोट्या पिशव्या सुरू केल्या. नागपूर, गोंदियाच्या दुकानांतून मागणी येऊ लागली. आज इतक्या द्या, परवा तितक्या द्या. धंदा चढला. पण चिन्नोर कमी पडू लागला. जितकं धान येत होतं त्या मानाने तांदूळ होत नव्हता. दादा असताना असं कधी झालं नव्हतं. आता दादा नव्हते आणि गोदामाच्या चाव्या वहिनींकडे होत्या. मधुभाऊंनी एवढंच सांगितलं. पुढचं मी समजून घ्यावं, अशी त्यांची इच्छा दिसली.

मिलमध्ये गेल्यावर त्यांनी माझ्यासमोरच वहिनींना सांगितलं की या ताई आता सगळा हिशेब कॉम्प्युटरवर लावून देतील. संक्रांतीपर्यंत चिन्नोर कुठे जातो ते कळलं तर ठीक, नाही तर चाव्या मधुभाऊंच्या हातात द्यायच्या. वहिनींनी आता आराम करावा, त्यांचा वाटा घरपोच मिळत जाईल. बोलणं अगदी अदबीचं होतं. वहिनी बरं म्हणाल्या. हिशेब लागो न लागो, संक्रांतीला चाव्या मिळतील, माझा शब्द आहे, असंही म्हणाल्या.

मला गोदाम दाखवायला त्या स्वतः आल्या. थप्प्यांमधून फिरताना मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, घरी बसून आराम मिळणार असेल तर वाईट काय? त्या थांबल्या.

"ताई, इथं मी चावी घेऊन उभी असतो तोवर मी या मिलची आहे," त्या म्हणाल्या. "घरी बसली का मी फक्त गेलेल्याची बायको. मग मले कोण विचारते?"

मला भरवेलीचा नटवाला आठवला आणि मी त्याला हसले होते याचं वाईट वाटलं. त्या क्षणी मला हेही कळलं की मला सॉफ्टवेअर बसवायला बोलावलेलं नाही, साक्ष द्यायला बोलावलंय. माझा स्वभाव तसा तिखट आहे. कोणी आपल्याला दुसऱ्याच्या डोक्यात घालायचा दगड म्हणून वापरतंय असं दिसलं की माझं डोकं फिरतं. मी मधुभाऊंना जाऊन सांगितलं की मी एकदम कोणतंच देणार नाही. तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर याच मिलमध्ये, याच धानावर, एकाच वेळी चालवून बघू. मग ठरवा. फुकटात तीन बघायला मिळतात म्हटल्यावर बालाघाटात नाही कोण म्हणणार?

माझा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन मी मिलमध्ये नेला. वाटेत रिक्षावाला दोनदा म्हणाला, बच्चा सो गया क्या?

ती तीन सॉफ्टवेअर तीन गावची होती आणि मी त्यांना गावाच्याच नावाने ओळखायची. दिल्लीवाला म्हणजे गुळगुळीत डबा, जाडजूड पुस्तक आणि दर पानावर टाय लावलेले लोक. इंदूरवाला चटपटीत. बटण दाबलं की रंगीत खांब उभे करून दाखवायचा. आणि नागपूरवाला म्हणजे काळा पडदा, पांढरी अक्षरं, पुस्तक नाही, डबाही नाही. बनवणाऱ्याने फ्लॉपी साध्या पाकिटात घालून दिली होती आणि काही अडलं तर फोन करा म्हणाला होता. फोन कधीच लागायचा नाही.

पहिली पंचाईत अशी की तिघांनाही तांदळाची मिल कळेना. ही सॉफ्टवेअर पंखे आणि सायकली बनवणाऱ्यांसाठी केलेली. दहा वस्तू आत जातात, जोडतात आणि एक वस्तू बाहेर येते. मिलमध्ये सगळं उलटं. एकच धान आत जातं आणि बाहेर तांदूळ येतो, तुकड्यांची कनकी येते, कोंडा येतो, भुसा येतो, आणि थोडी धूळ नाकात जाते. दिल्लीवाला तर मला विचारत राहिला की हा भुसा कोणत्या पंख्याला लावायचा. कसंबसं तिघांनाही समजावलं. मग एकच नियम केला. गोदामाच्या दारातून जे पोतं निघेल त्याची चिठ्ठी वहिनी फाडतील आणि तिच्यावर मशीनवाल्या मिस्त्रीची सही राहील. म्हणजे नंतर कोणी कोणाला खोटं म्हणायला नको. मी एक दिवसाआड मोपेडवर जायची आणि त्याच चिठ्ठ्या आणि तयार तांदळाचे आकडे तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये भरायची.

हे कंटाळवाणं काम मी आनंदाने केलं, याचं एक कारण जेवण. त्या मिलची रीत होती की दुपारी जो असेल तो जेवून जाईल. मागच्या बाजूला चूल होती. हमाल, झाडणाऱ्या बाया, मिस्त्री, ट्रकवाले, सगळे एका ओळीत बसायचे. वरण, वांग्याची भाजी आणि भात. भात असा की काय सांगू, पहिला घास तोंडात जायच्या आधीच अर्धं पोट भरायचं. माझ्या घरी सणालाही असा भात होत नव्हता. मी तसं बोलून दाखवलं की मधुभाऊ खूश व्हायचे. म्हणायचे, दादाच्या वेळपासून आहे ताई, आमच्या मिलमधून कोणी उपाशी जात नाही. आणि मला अजून वाढायला सांगायचे.

संक्रांत आठवड्यावर आली तेव्हा मी तिघांचे कागद छापून काढले. मिलच्या ऑफिसात मधुभाऊ खुर्चीवर, वहिनी दारापाशी स्टुलावर. मी मधे.

चिन्नोर कमी पडतोय, यावर तिघांचंही एकमत होतं. किती कमी, यावरही जवळपास एकमत होतं. भांडण होतं ते कुठे कमी पडतोय यावर. दिल्लीवाला म्हणत होता, गोदामात सगळं चोख आहे, माल मशीनवर हरवतो. इंदूरवाला म्हणत होता, मशीनवर सगळं चोख आहे, माल गोदामात हरवतो.

मधुभाऊंनी इंदूरवाल्याचा कागद उचलला. रंगीत खांबांवर बोट ठेवलं. म्हणाले, हेच पाहिजे होतं, हे खरं बोलून राह्यलं. वहिनींनी मान खाली घातली. चाव्या त्यांनी मुठीत धरल्या होत्या, वाजू नयेत म्हणून असेल.

आता मात्र मला राहवेना. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मधुभाऊंना समजावलं, आणि तेच इथेही सांगते, कारण माझ्या सगळ्या धंद्यात याहून महत्त्वाची गोष्ट मला सापडली नाही. दिल्लीवाला गोदामाची चिठ्ठी बघून धान वजा करतो. पोतं दाराबाहेर पडलं की गोदाम सुटलं. पुढे तांदूळ कमी आला तर तो मशीनवाल्याला धरतो. इंदूरवाला वजा करताना चिठ्ठी बघतच नाही. तो तयार तांदूळ मोजतो, इतक्या तांदळाला इतकं धान लागलं असेल असा हिशेब मागे लावतो, आणि तेवढंच गोदामातून वजा करतो. त्याच्या मते उरलेलं सगळं धान अजून गोदामातच असायला हवं. नसेल तर तो गोदामवाल्याला धरतो. धान तेच, पोती तीच, खोट तीच. चोर मात्र तुम्ही कोणता डबा विकत घेता त्यावर ठरतो.

मधुभाऊंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी दिल्लीवाल्याचा कागद हातात घेतला आणि जिथे तूट दाखवली होती तिथे बघत राहिले. तिथे त्यांची मशीन होती.

वहिनींनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. विचारलं, तिसरा काय म्हणते?

तिसऱ्याची मला लाजच वाटत होती. नागपूरवाल्या गरिबाने गोदाम आणि मशीन यांच्यामध्ये आणखी एक जागा मानली होती. धान गोदामातून निघालं पण अजून तांदूळ झालं नाही, असा माल तिथे राहतो. मिलमध्ये ती जागा खरोखरच होती. गोदामाचं दार आणि मशीन यांच्यामध्ये एक सिमेंटचा ओटा होता, तिथे पोती आणून टाकायचे. नागपूरवाला म्हणत होता की सगळा हरवलेला चिन्नोर त्या ओट्यावर ढीग लावून पडलाय. आम्ही तिघांनी खिडकीतून बघितलं. ओटा स्वच्छ झाडलेला होता आणि त्यावर एक कुत्रं ऊन खात पडलं होतं.

मधुभाऊ हसले, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. म्हणाले, ताई, तुमचे तिन्ही नमुने उचला आणि न्या, संक्रांतीले मी माझ्या हिशेबाने पाहून घेईन. मी म्हटलं, एक दिवस द्या. मला उद्या त्या ओट्यावर बसू द्या. माझ्या नवऱ्याने घरी ऐकून विचारलं की इतकं शिकून तू आता मिलच्या ओट्यावर बसणार का. मी म्हटलं, हौ, काहून नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुत्र्याशेजारी जागा केली. मशीनवर नेहमीचं जाड धान चालू होतं. ते संपलं. मग मिस्त्रीने ओट्यावर आलेल्या चिन्नोरच्या पोत्यांतलं पहिलं पोतं फोडलं आणि मशीनमध्ये टाकलं. त्याचा तांदूळ बाहेर आला तो पिशवीच्या बाजूला गेलाच नाही. खाली टोपलं धरलं होतं, त्यात पडला. टोपलं भरलं की एक बाई ते उचलून मागे घेऊन जायची. असं पोतं संपेपर्यंत चाललं. मग मिस्त्रीने मूठभर तांदूळ हातावर घेतला, निरखून बघितला, मान डोलावली आणि पुढच्या पोत्यापासून पिशव्या भरायला सुरुवात केली.

मी उठून विचारलं, हे टोपलं कुठे चाललं?

मिस्त्री हसला. म्हणाला, मॅडम, ये तो धोवन है, मशीन धोई.

मला काही कळेना. तेवढ्यात मधुभाऊ ऑफिसातून आणि वहिनी गोदामातून बाहेर आल्या. दोघांनीही मला एकदम, एकाच सुरात समजावायला सुरुवात केली. महिनाभरात त्या दोघांचं इतकं जमलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मशीनच्या आत आधीचं जाड धान जागोजाग अडकून राहतं. लगेच चिन्नोर काढला तर त्यात जाड दाणे मिसळतात. म्हणून दादांचा नियम होता की चिन्नोर काढायच्या आधी एक पोतं चिन्नोरचंच टाकून मशीन धुऊन घ्यायची. तो मिसळलेला तांदूळ विकायचा नाही, दादांना ते पाप वाटायचं. तो मिलमधल्या लोकांना शिजवून घालायचा, उरला तर त्यांनी घरी न्यायचा. आजवर तो नियम कोणी मोडला नव्हता.

मी विचारलं, मग त्याची नोंद कुठे आहे?

"धुवणाची कायची नोंद?" मधुभाऊ म्हणाले.

वहिनी म्हणाल्या, "ते कोण मोजते?"

 मागून चुलीवरच्या भाताचा तो वास आला, ज्याची मी महिनाभर तारीफ करत होते. मला एकदम उमजलं. ज्या चिन्नोरचा शोध मी तीन-तीन सॉफ्टवेअर लावून करत होते, तो मी एक दिवसाआड जेवत होते, आणि वर अजून वाढा म्हणत होते. मला हसू आवरेना. मी ओट्यावर बसून इतकी हसले की कुत्रं उठून गेलं.

मधुभाऊ मात्र हसत नव्हते. त्यांचा हिशेब आत चालला होता, आणि तो माझ्या कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा लवकर लागला. त्यांनी टोपल्याकडे बघितलं, मग पिशव्यांच्या थप्पीकडे.

"दादा होता तं सीझनमध्ये एक डाव मशीन धुवायची," ते हळू म्हणाले. "आता मी रोज ऑर्डर घेतो. आज चिन्नोर, उद्या जाड, परवा पुन्हा चिन्नोर. म्हणजे मीच..." आणि ते तिथेच ओट्यावर बसले.

दादांचा शब्द त्यांनी इमानाने पाळला होता. दर वेळी न चुकता एक पोतं धुवणाला टाकलं होतं. पिशव्यांचा धंदा वाढला तसं धुवण वाढलं, धुवण वाढलं तशी तूट वाढली, आणि त्या तुटीपायी ते दादांच्याच बायकोकडे संशयाने बघत होते. पोतं गोदामातून वहिनींनी काढून दिलेलं, मशीनवर मधुभाऊंच्या मिस्त्रीने टाकलेलं, आणि भात दोघांनीही खाल्लेला. लपवलेलं काहीच नव्हतं. रोज सगळ्यांच्या नाकाखाली शिजत होतं.

वहिनी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता त्या बोलतील, दोन वर्षांचं सगळं काढतील. त्यांचा हक्कच होता. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता.

"भाऊजी, मी धान कोणाले विकलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमाले सगळ्यायले जेवू घातलं, एवढंच केलं."

मधुभाऊंनी वर बघितलं नाही. हौ म्हणाले, आणि गमछ्याने तोंड पुसत राहिले. मीही डोळे टिपले. हिशेबाच्या धंद्यात रडायला येत नाही असं मी सगळ्यांना सांगायची. त्या दिवसापासून सांगणं सोडलं.

पुढे काय करायचं ते ठरवायला फार वेळ लागला नाही. धुवण बंद करायचं का, असं मी विचारलं तर दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवाची मूर्तीच विकायला काढली होती. नियम राहणार. फक्त चिन्नोरला आठवड्याचा एक दिवस ठरवला. ऑर्डर कोणतीही येवो, चिन्नोर बुधवारीच निघेल आणि मशीन बुधवारीच धुवायची. हमालांची तोंडं उतरली, कारण आता बाकीचे दिवस जाड भात. एकाने तर मला ऐकू जाईल असं म्हटलं की कॉम्प्युटर क्या आया, खुशबू चली गई.

आणि सॉफ्टवेअर? मधुभाऊंनी स्वतःच नागपूरवाल्याचं नाव घेतलं. म्हणाले, जे दोघांच्या मधली जागा दाखवते तेच ठेवा. मला माहीत होतं की ते दिसायला गरीब आहे, त्याचा मालक फोन उचलत नाही आणि कधी ना कधी तो दुकान बंद करेल. पुढे केलंच त्याने. मी तसं आधीच सांगितलं होतं, तरी त्यांनी तेच घेतलं. त्यात धुवणासाठी मी मालाचं एक नवं नाव उघडलं. काय नाव देऊ विचारलं तर वहिनी म्हणाल्या, दादांचं धुवण. पडद्यावर मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत तसंच लिहिलं. त्यानंतर मी बरीच मोठमोठी सॉफ्टवेअर बसवली, रंगीत, महागडी, इंटरनेटवरची. आता तर माझ्या त्या खोलीत मोबाइलचं दुकान आहे आणि तुलना फोनवरच होते, लोकांनी दिलेले तारे मोजून. तिथे कोणी विचारत नाही की तूट आली तर हे कोणाला धरेल. मला वाटतं, पहिला प्रश्न तोच असायला हवा. पण मला आता कोण विचारतं!

संक्रांत त्या वर्षी नेमकी बुधवारी आली. मी मशीनजवळ नवा कॉम्प्युटर लावायला गेले होते. वहिनी सकाळीच आल्या. गोदामाचं दार बंद होतं. त्यांनी कमरेचा जुडगा सोडला आणि सगळ्यांसमोर मधुभाऊंपुढे धरला. म्हणाल्या, हिशेब लागला ते चांगलं झालं, पण संक्रांतीचा शब्द दिला होता, तो शब्द मी मोडत नाही.  चाव्या वाजत होत्या. हमाल, बाया, मिस्त्री, सगळे जिथल्या तिथे उभे राहिले.

मधुभाऊंनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तिथेच धरून ठेवले.

"वहिनी, गोदाम उघडा लवकर," ते म्हणाले. "मशीन धुवायची आहे."

वहिनींनी जुडगा परत कमरेला खोचला. त्यातली चावी त्यांना न बघता सापडली. पहिलं पोतं ओट्यावर आलं. मी नव्या कॉम्प्युटरवर पहिली नोंद टाकली, दादांचं धुवण, आणि हात धुऊन पंगतीत जागा धरायला गेले.